वरची पायरी काढून घेतली : मार्च 2020 मधल्या दर्जाकपातीचं प्रकरण

18 मार्च 2020 ला युरोपीय आयोगाचे आयुक्त थिएरी ब्रेतों आणि नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांचं फोनवर बोलणं झालं. इटली, स्पेन आणि फ्रान्समध्ये टाळेबंदी लागली होती. ऑफिसं घरात आली होती, मुलांच्या शाळा स्क्रीनवर भरायला लागल्या होत्या आणि रात्री सगळे एकदम सिनेमे बघायला बसले तर नेट टिकेल का, ही धास्ती सरकारांना होती. ब्रेतों यांनी ट्विटरवरून लोकांनाही सांगितलं, की गरज नसेल तिथे एचडी सोडा, साध्या दर्जावर बघा. दुसऱ्याच दिवशी नेटफ्लिक्सनं जाहीर केलं, की युरोपात सगळ्या व्हिडिओंचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या बिटांचा आकडा, 30 दिवसांसाठी उतरवतोय, त्यानं आमच्याकडून जाणारी वाहतूक साधारण 25 टक्क्यांनी घटेल. 20 तारखेला यूट्यूबनं युरोपात डिफॉल्ट दर्जा एसडीवर, म्हणजे साध्या दर्जावर आणला, ॲमेझॉन प्राइम व्हिडिओही मागोमाग आलं. डिस्ने प्लस 24 मार्चला युरोपात सुरू व्हायचं होतं. ते सुरू झालं, पण पहिल्या दिवसापासून कमी बिटरेटवर. फ्रान्स सरकारच्या विनंतीवरून तिथली सुरुवात तर 7 एप्रिलपर्यंत पुढे ढकलली.

भारतात हेच नाटक आठवड्याभरात घडलं, पण संहिता वेगळी होती. त्याकडे येऊच.

बातमी म्हणून हे तेव्हा सगळ्यांनी वाचलं आणि विसरले. मला मात्र ते प्रकरण अजून अभ्यासण्यासारखं वाटतं, कारण व्हिडिओ ऑन डिमांड सेवा आतून कशा चालतात, ते एरवी दिसत नाही. सगळं सुरळीत असलं की बटण दाबलं, सिनेमा सुरू झाला, एवढंच कळतं. इथे एका खंडभर पसरलेल्या सेवेनं 24 तासांत आपला चौथा हिस्सा भार उतरवण्याचा शब्द दिला. त्यासाठी नवी यंत्रं आणली नाहीत, एकही सिनेमा नव्यानं तयार केला नाही. हे शक्य कसं झालं?

प्रत एक नसते

आपण ज्याला 'एक सिनेमा' म्हणतो तो या सेवांच्या सर्व्हरवर एक फाइल म्हणून नसतो. निर्मात्याकडून येणारी मूळ प्रत अवाढव्य असते, ती तशीच कुणाच्या घरी पाठवता येत नाही. तिच्यापासून वेगवेगळ्या वजनाच्या अनेक प्रती आधीच करून ठेवतात. या कामाला एन्कोडिंग म्हणतात. कुठली प्रत किती रिझोल्यूशनची, म्हणजे किती ठिपक्यांची, आणि तिच्यासाठी सेकंदाला किती बिट खर्च करायचे, याची चढती यादी म्हणजे बिटरेट लॅडर, शिडी.

नेटफ्लिक्सनं डिसेंबर 2015 मध्ये आपली जुनी शिडी स्वतःच उघड केली होती. तळाला 235 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 235 हजार बिट, चित्र 320 बाय 240 ठिपक्यांचं. मग 375, 560, 750, 1050, 1750, 2350, 3000, 4300 आणि माथ्यावर 5800. यातल्या वरच्या चार पायऱ्या नीट बघा. 2350 आणि 3000 या दोन्ही पायऱ्यांवर चित्र 1280 बाय 720 चंच आहे. 4300 आणि 5800 या दोन्हींवर 1920 बाय 1080 चं. म्हणजे चित्रातले ठिपके तेवढेच, पण वरच्या पायरीवर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला जास्त बिट. ते कुठे जाणवतं? पावसात, धुरात, पेटत्या गर्दीत, क्रिकेटच्या मैदानावरच्या गवतात. अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी डाग उमटतात की नाही, तेही यावरच ठरतं. शांत उजेडात बोलत बसलेल्या दोन माणसांच्या दृश्यात फरक शोधावाच लागतो.

आता नेटफ्लिक्सचे तेव्हाचे कंटेंट डिलिव्हरीचे प्रमुख केन फ्लोरन्स यांनी 21 मार्चला जे स्पष्टीकरण दिलं, ते या शिडीशेजारी ठेवा. त्यांचं म्हणणं सरळ होतं : दर्जाच्या प्रत्येक गटात आम्ही अनेक प्रती ठेवतो, त्यांतल्या सगळ्यात जड प्रती आम्ही बाजूला केल्या. एचडीवाल्याला एचडीच मिळेल, 4के वाल्याला 4केच, पण त्या त्या गटातली वरची पायरी नसेल. गणित करून बघा. 5800 ची पायरी काढली तर प्लेअर 4300 वर उतरतो, घट 26 टक्के. 3000 ऐवजी 2350, घट 22 टक्के. जाहीर झालेला 25 चा आकडा याच टापूतला आहे.

हे गणित जुन्या शिडीवरचं आहे, हे सांगायला हवं. 2015 नंतर नेटफ्लिक्सनं सगळ्या सिनेमांना एकच शिडी लावणं सोडलं आणि प्रत्येक सिनेमाचा स्वभाव पाहून वेगळी शिडी बनवायला सुरुवात केली. सपाट रंगांच्या कार्टूनला थोडक्या बिटांत उत्तम 1080पी मिळतं, दाणेदार फिल्मवरच्या जुन्या सिनेमाला तेवढ्यात मिळत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या जेमतेम दीड महिना आधी, त्यांनी अँड्रॉइड फोनवर एव्ही1 हा नवा कोडेकही, म्हणजे व्हिडिओ आवळायची आणि उलगडायची नवी पद्धतही, वापरायला घेतला होता; त्यात आधीच्यापेक्षा साधारण 20 टक्के कमी बिटांत तेवढाच दर्जा मिळतो असा त्यांचा दावा. तेव्हा प्रत्यक्षातल्या पायऱ्यांचे आकडे वेगळे असणार. तत्त्व मात्र तेच : पायऱ्या आधीच बांधलेल्या होत्या, कोणत्या दाखवायच्या आणि कोणत्या झाकायच्या एवढंच ठरवायचं होतं.

बटण दाबल्यावर

झाकायच्या म्हणजे कुठे, ते कळण्यासाठी 'प्ले' दाबल्यानंतरची काही क्षणांची गडबड बघावी लागते.

ॲप आधी सेवेच्या मुख्य यंत्रणेशी बोलतं. नेटफ्लिक्सच्या बाबतीत ही यंत्रणा ॲमेझॉनच्या क्लाउडवर आहे. तुम्ही कोण, वर्गणी चालू आहे का, हा सिनेमा तुमच्या देशात दाखवायचा हक्क आहे का, हा टीव्ही किंवा फोन कुठला कोडेक उघडू शकतो, स्क्रीन केवढी आहे, हे सगळं तपासलं जातं. कुलूपबंद व्हिडिओ उघडायची किल्ली, म्हणजे डीआरएमचा परवाना, तोही यातच दिला जातो. मग ॲपला एक यादी मिळते. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. या सिनेमाच्या कोणत्या प्रती तुला चालतील आणि त्या कोणकोणत्या सर्व्हरवर ठेवल्या आहेत, असा तिचा मजकूर. सिनेमा या यादीत नसतो, फक्त पत्ते असतात.

इथून पुढे सूत्रं प्लेअरच्या हातात. प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. प्लेअर एक तुकडा मागवतो, तो यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि पुढचा तुकडा कुठल्या पायरीवरचा मागायचा ते ठरवतो. नेट जोरात असेल तर वर, मंदावलं तर खाली. सिनेमा सुरू होताना पहिले काही क्षण चित्र धूसर असतं आणि मग एकदम स्वच्छ होतं, ते यामुळे. तुकडे थोडे आगाऊ मागवून साठवलेले असतात, तो बफर. 2014 मध्ये स्टॅनफर्ड आणि नेटफ्लिक्सच्या संशोधकांनी दाखवलं, की वेगाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा बफर किती भरलाय ते बघूनच पायरी निवडली तर अडखळणं 10 ते 20 टक्क्यांनी कमी होतं. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं, म्हणजे बफर रिकामा झाला आणि पुढचा तुकडा अजून वाटेत आहे.

थोडक्यात, दर्जा सर्व्हर ठरवत नाही. घरातला प्लेअर ठरवतो, पण त्याच्यापुढे ठेवलेल्या यादीतूनच. यादीत 5800 ची ओळ नसेल तर ती पायरी त्या प्लेअरपुरती अस्तित्वातच नाही. त्याला कळतही नाही की काही काढून घेतलंय. युरोपभर दर्जा उतरवायचं काम यादी तयार करणाऱ्या जागी होण्यासारखं होतं, आणि म्हणून ते एका दिवसात होण्यासारखं होतं.

मग प्लेअर आपोआप उतरतोच की

या टप्प्यावर जाणकार वाचक एक शंका काढतो, आणि ती रास्त आहे. नेट तुंबलं की प्लेअर स्वतःच खालच्या पायरीवर येतो. सगळी व्यवस्था त्यासाठीच उभारलीय. मग ब्रेतों यांना फोन करायची गरज काय होती?

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे.

प्लेअर हावरा असतो. जागा मिळेल तेवढं वर चढायचं, हा त्याचा धर्म. एकाच वायरीवर एका खोलीत बाबा सिनेमा बघतायत आणि दुसऱ्या खोलीत मुलीचा ऑनलाइन तास चालू आहे, असं समजा. सिनेमाच्या प्लेअरकडे बफर आहे. त्याचा एखादा तुकडा दोन सेकंद उशिरा आला तरी पडद्यावर काहीच हलत नाही. व्हिडिओ कॉलकडे बफर नाहीच. पलीकडचं वाक्य आत्ता आलं तर उपयोग, दोन सेकंदांनी आलं तर संभाषण मोडलं. वायर तुंबली की त्रास आधी कॉलला होतो, आणि तुंबवणाऱ्यांत मोठा वाटा सिनेमाचा असतो. सिनेमाचा प्लेअर उतरतो खरा, पण तुंबल्यावर उतरतो, आणि थोडी वाट मोकळी दिसली की पुन्हा चढतो. त्या चढउतारात कॉल कापला गेलेला असतो.

वरची पायरीच काढली तर तुंबण्याची वेळ थोडी लांबते. प्लेअर चढून चढून 4300 पर्यंत जाईल, वायरीत उरलेली जागा इतरांना. ज्याच्याकडे बफर आहे त्यानं आधीच थोडं आखडून बसायचं, असा तो समजूतदारपणा. तो यंत्राला सुचत नाही, वरून लादावा लागतो.

आणि नेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी तो स्वतः का लादला नाही? कारण कायद्यानं त्यांचे हात बांधलेले होते, आणि बरंच आहे ते. युरोपात 2015 च्या नियमावलीनुसार आयएसपीनं, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीनं, एका सेवेची वाहतूक मुद्दाम मंद करायची नाही. तुंबलं तर तात्पुरती व्यवस्था करता येते, पण एकाच जातीच्या वाहतुकीत भेदभाव न करता. 19 मार्चलाच आयोगानं आणि युरोपीय नियामकांच्या संघटनेनं, बेरेकनं, संयुक्त निवेदन काढून ही चौकट पुन्हा आठवून दिली. भारतातही फेब्रुवारी 2016 मध्ये दूरसंचार नियामकानं, ट्रायनं, सेवेनुसार वेगळे दर लावायला मनाई केली आणि जुलै 2018 मध्ये दूरसंचार विभागानं नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे नेटवरच्या सगळ्या वाहतुकीला समान वागणुकीची, तत्त्वं मान्य केली. त्यामुळे नळाची तोटी ज्यांच्या हातात, त्यांना ती आवळता येत नव्हती. विनंती उगमाकडे करावी लागली.

भार नेमका कुठे असतो

लोकांचा समज असा, की सिनेमा अमेरिकेतून समुद्राखालच्या केबलीतून येतो आणि ती केबल तुंबते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबली जमिनीवर येतात हे खरं, पण संध्याकाळी सातारा किंवा डोंबिवलीत कुणी मालिका लावली तर ती बहुतेक वेळा त्या केबलीतून तेव्हा येत नाही.

नेटफ्लिक्सनं 2012 मध्ये ओपन कनेक्ट नावाची आपली स्वतःची वितरण व्यवस्था जाहीर केली. तिच्यात कंपनी स्वतःचे कॅशे सर्व्हर, म्हणजे प्रती साठवून ठेवणारे डबे, बनवते आणि मोठ्या आयएसपींना फुकट देते. आयएसपी ते आपल्या इमारतीत, आपल्या रॅकवर, आपल्या विजेवर चालवतो. उद्या या भागात काय बघितलं जाईल याचा अंदाज बांधून त्या प्रती मध्यरात्रीनंतर, वाहतूक कमी असताना, त्या डब्यांत भरून ठेवतात. पालिकेचं पाणी पहाटे येतं, सोसायटीची टाकी भरते आणि दिवसभर नळ टाकीवर चालतात, तसाच हा प्रकार. संध्याकाळी जो तुकडा तुमच्या टीव्हीवर येतो तो बऱ्याचदा तुमच्याच आयएसपीच्या शहरातल्या किंवा जवळच्या केंद्रातल्या डब्यातून आलेला असतो.

मागणीनुसार व्हिडिओ आणि थेट प्रक्षेपण यांतला खरा फरक इथे आहे. सिनेमा आदल्या रात्री भरून ठेवता येतो. आयपीएलचा सामना, जो त्या वर्षी 29 मार्चला सुरू व्हायचा होता आणि लांबला, तो कुणालाही आदल्या रात्री भरून ठेवता आला नसता. त्या उन्हाळ्यात तो भार भारतीय नेटवर पडला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

डबा आयएसपीच्या दारातच असेल तर वरच्या पायऱ्या काढून समुद्राखालच्या केबलीला फारसा दिलासा मिळत नाही. दिलासा मिळतो तो डब्यापासून घरापर्यंतच्या वाटेला : केंद्रापासून नाक्यावरच्या पेटीपर्यंत, पेटीपासून इमारतीपर्यंत आणि मोबाइलच्या बाबतीत टॉवरपासून फोनपर्यंत. ज्या छोट्या आयएसपीकडे डबा नाही, त्याला मात्र बाहेरच्या नेटशी जोडणीच्या ठिकाणीही बरं वाटतं. 25 टक्के हा सेवेकडून निघणाऱ्या वाहतुकीचा आकडा होता. वाटेवरच्या कुठल्या टप्प्याला त्यातला किती उपयोग झाला, ते टप्प्याटप्प्यावर वेगळं.

भारताची संहिता

भारतात शेवटचा टप्पा म्हणजे वायर नव्हेच, टॉवर. ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे मार्च 2020 अखेर देशात सुमारे 69 कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते आणि त्यांतले वायरीवरचे 2 कोटींपेक्षाही कमी. बाकी जवळजवळ सगळे मोबाइलवर. युरोपात जो प्रश्न घरातल्या वायरीचा होता, तो इथे हवेतल्या स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोजक्याच रेडिओलहरींचा होता.

टॉवरची गोष्ट वायरीपेक्षा नाजूक असते. एका टॉवरच्या एका दिशेला, म्हणजे एका सेक्टरमध्ये, जेवढे फोन असतील ते सगळे एकच हवा वाटून घेतात. 4जी वर 10 मेगाहर्ट्झची वाहिनी कागदावर सेकंदाला 75 मेगाबिटपर्यंत जाते, पण गर्दीत, भिंतींआड आणि टॉवरपासून दूर असलेल्या फोनांसाठी त्यातलं बरंच झिरपून जातं. समजा हातात 30 उरले. 5.8 मेगाबिटची पायरी चढलेले पाच प्रेक्षक त्या सेक्टरमध्ये असले की संपलं. तेच सगळे 1050 केबीपीएसवर बघत असतील तर 28 जण बसतात. शिवाय टाळेबंदीनं माणसांची जागाच बदलली. मुंबईत नरिमन पॉइंट, बीकेसी, लोअर परळच्या टॉवरांखाली दिवसा असणारी गर्दी विरार, कल्याण, पनवेलच्या टॉवरांखाली दिवसरात्र बसली. ऑफिसच्या भागात उभारलेली क्षमता रिकामी आणि घरांच्या भागात ओढाताण. टॉवर काही लोकलनं मागोमाग जात नाही.

मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं, सीओएआयनं, व्हिडिओ सेवांना आणि सरकारला पत्रं लिहिली. 24 मार्चला स्टार अँड डिस्ने इंडियाचे अध्यक्ष उदय शंकर यांनी बोलावलेल्या ऑनलाइन बैठकीत सोनी, गूगल, फेसबुक, वायाकॉम18, ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ, झी, टिकटॉक, नेटफ्लिक्स, एमएक्स प्लेअर आणि हॉटस्टार अशी एरवी एकमेकांचे प्रेक्षक पळवणारी मंडळी एकत्र बसली. ठरलं असं, की 14 एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर एचडी आणि अल्ट्रा एचडी बंद, 480पी च्या वर जायचं नाही. त्याच रात्री पंतप्रधानांनी 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर केली, तीही 14 एप्रिलपर्यंतच.

या निर्णयाच्या निवेदनात एक गंमत आहे. त्यात बिटरेट 480पी पेक्षा जास्त नसेल असं म्हटलं होतं. 480पी हा बिटरेट नव्हे, चित्राच्या ओळींची संख्या आहे. आधी दिलेल्या शिडीत 480 ओळींच्याच दोन पायऱ्या आहेत, 1050 आणि 1750. दोन्ही '480पी' आणि दोन्हींत दीडपटीहून जास्त फरक. निवेदन घाईत लिहिलेलं होतं, समजू शकतो, पण नेटफ्लिक्सनं युरोपात नेमकी हीच दोन मापं वेगळी केली होती, ओळी तेवढ्याच ठेवून बिट उतरवले होते, आणि भारतातल्या सामूहिक निर्णयात तीच दोन मापं एकात एक कालवली गेली.

तरीही भारतीय उपाय मला वाईट वाटत नाही. तो ओबडधोबड होता, पण कात्री योग्य जागी लागली. सहा इंची पडद्यावर 480पी आणि 1080पी यांतला फरक बहुतेक डोळ्यांना बसच्या खिडकीशी बसून कळत नाही, आणि टॉवरला मात्र तो पाचपट कळतो. युरोपाचा उपाय नेमका होता, पण सरसकट. ज्याच्याकडे गिगाबिटची फायबर होती आणि ज्याची वाट कधी तुंबलीच नव्हती, त्याचीही पायरी गेली. नेटफ्लिक्सनं भारतात दोन्ही केलं : मोबाइलवरच्या सामूहिक निर्णयात सहभाग आणि शिवाय आपला 25 टक्क्यांचा उतार 30 दिवसांसाठी. जुलै 2019 मध्ये त्यांनी फक्त भारतासाठी 199 रुपयांचा मोबाइल प्लॅन आणला होता, त्यात दर्जा मुळातच 480पी. त्या ग्राहकाला रिझोल्यूशनची ही बंदी कळलीसुद्धा नसेल.

अंमलबजावणी मात्र प्रत्येकानं आपापल्या मगदुराप्रमाणे केली. माझ्या फोनवरच्या एका ॲपमध्ये घरच्या वायफायवरही दर्जाच्या यादीत 480 च्या वर ओळ दिसत नव्हती. त्याच वायफायवर, त्याच वेळी, त्याच सेवेचा तोच व्हिडिओ लॅपटॉपवर 1080 मध्ये चालत होता. निर्णय मोबाइल नेटवर्कसाठी होता, बंदी बसली मोबाइल फोनवर. ॲपला दोन्हींतला फरक करता येतो. सेटिंगमध्ये 'फक्त वायफायवर डाउनलोड करा' असा पर्याय तेच ॲप देतं. कुणीतरी घाईत एकच सोपी अट लिहिली असणार. त्या दिवसांत मराठी मालिकांचं चित्रीकरण 19 मार्चपासून थांबलेलं, वाहिन्यांवर जुने भाग लागलेले, त्यामुळे घरातली सगळी मंडळी झी5, वूट, हॉटस्टारवर जुन्या मालिका पहिल्यापासून बघायला बसली होती, तीही एकेक जण आपापल्या फोनवर. अंधाऱ्या वाड्यातल्या दृश्यांत भिंतींवर चौकोनी डाग नाचताना बघून 'नेट खराब आहे' म्हणत सगळ्यांनी राउटर बंद-चालू केले.

उपयोग झाला का

बेरेकनं मार्चअखेरीपासून देशोदेशीच्या नियामकांकडून अहवाल गोळा केले. चित्र असं, की वाहतूक ठळकपणे वाढली, पण मोठी कोंडी कुठे झाली नाही आणि पुढे ती स्थिरावत गेली. यावरून कपात कामी आली असंही म्हणता येतं आणि कपातीची गरज नव्हती असंही. दोन्ही बाजूंनी तेव्हा हेच आकडे वापरले. कपात न केलेला दुसरा युरोप शेजारी ठेवून तुलना करायची सोय नाही.

माझा कल असा, की व्हिडिओ सेवांना या निर्णयात गमावण्यासारखं फार थोडं होतं, आणि म्हणून तो इतक्या झटपट झाला. वर्गणीवर चालणाऱ्या सेवेला प्रेक्षकानं 5800 वर बघितलं काय नि 4300 वर बघितलं काय, महिन्याचे पैसे तेवढेच मिळतात. उलट बिट कमी पाठवले तर खर्च घटतो. सरकारचा फोन येऊन काही मिनिटांत 'हो' म्हणता येईल अशी ही मागणी होती. हीच मागणी जाहिराती कमी करण्याची असती तर बैठका लांबल्या असत्या.

ग्राहकाच्या बाजूनं बघितलं तर एक गोष्ट खटकते. भारतात नेटफ्लिक्सचा सगळ्यात महाग प्लॅन तेव्हा 799 रुपयांचा होता, अल्ट्रा एचडीचा. युरोपात मोठ्या टीव्हीवर 4के बघणाऱ्या काहींनी टीव्हीवरचे आकडे वाचून तक्रार केली, की चित्र 4केच आहे पण बिटरेट बराच खाली गेलाय. करारानुसार त्यांचं काहीच कमी झालं नव्हतं. प्लॅनमध्ये रिझोल्यूशन लिहिलेलं असतं. त्या रिझोल्यूशनच्या कोणत्या पायरीवर तुम्हाला उभं करायचं ते लिहिलेलं नसतं. सेवेनं उद्या, कुठलीही महामारी नसताना, तुमची वरची पायरी काढून घेतली तरी ती कराराच्या आतच असेल आणि ॲपमधला 'एचडी' चा बिल्ला जसाच्या तसा दिसत राहील. कळायचं असेल तर डेटा मोजा : 5800 केबीपीएसवर तासाला सुमारे 2.6 जीबी खर्च होतात, 4300 वर 1.9. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइलवाल्याला हे गणित कधीचं तोंडपाठ आहे. वायरीवरचा अनलिमिटेड प्लॅनवाला ते बघत नाही.

14 एप्रिल आली आणि टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढली. युरोपात मे महिन्यात नेटफ्लिक्सनं वरच्या पायऱ्या परत द्यायला सुरुवात केली, सगळीकडे एकाच दिवशी नाही, तर आयएसपींसोबत क्षमता वाढेल तसतशी, एकेक नेटवर्क करत. यादीत ओळी परत आल्या. घरोघरचे प्लेअर, कुणी न सांगता, चढायला लागले.